मिठाची दारं

ममता आडे या बाईला हिरासिंग कितीसा ओळखत होता? बंजारा तांड्यातलीच पोर, उकंडा आडेची धाकटी लेक. नागपूरच्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते, कसलंसं संशोधन करते, एवढंच त्याला ठाऊक. ती एकटी कशी राहते, सुखात आहे का, हे विचारायचा त्याला कधी धीर झाला नाही.

एका चैत्रात ती दारव्ह्याहून जीपनं तांड्यावर आली आणि त्याच्या घरी चहाला टेकली. त्याची नात प्रेरणा तेव्हा दीड वर्षाची. पोर सारखी खाई, पण अंगाला काही लागत नसे. छातीत सदा घरघर. त्या आठवड्यात तर ती अगदी मलूल पडली होती. ममतानं तिला मांडीवर घेतलं, कपाळाचा मुका घेतला आणि ओठ चाटले.

"काकी, हिच्या कपाळावर मीठ आहे."

"येतेच ना," हिरासिंगाची बायको सुखीबाई म्हणाली. "घाम वाळला का पांढरं दिसते. अंगात लूण लय झालं म्हून मीच बंद केलं. भातात नाही, वरणात नाही."

ममताचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

"लय नाही झालं, काकी. वाहून चाललं. अंगातल्या पेशीले बारीक दारं असतात, मीठ त्यातून ये-जा करते. काही लेकरांचं दार जन्मापासूनच बिघडलेलं. मग छातीतला चिकटा घट्ट होते, अन्न पचत नाही, अन् घामासंगं मीठ निघून जाते. मी इतके वर्सं तेच दार पाहून राह्यली. हिचं तेच आहे का, हे तपासल्याबिगर नाही सांगता येत. पण दवाखान्यात आत्ताच चला."

हिरासिंग घाबरला, आणि घाबरला की तो थट्टा करी. "बाप-आजे बैलांवर मीठ लादून फिरले. तू एवढी शिकून मिठातच अडकली?"

"आपलं रक्तच तसं, काका. उठा."

सुखीबाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. "मीच सुकवलं पोरीले."

"दिसलं तसं वागल्या तुम्ही," ममता तिची पाठ चोळत म्हणाली. "मीही तेच करते, फक्त यंत्रातून पाहून."

यवतमाळला सलाईन लागलं तशी पोर डोळे उघडून रडली. पुढं नागपुरात घामाची तपासणी झाली; आजार तोच निघाला. दार उघडणारं महागडं औषध त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. पण जेवणासोबत पाचक गोळ्या, रोज छाती थोपटणं आणि मीठ, यांवर प्रेरणा तग धरून राहिली. आता ती शाळेत जाते.

ममता गेल्या उन्हाळ्यात वारली. ती आजारी होती, हे हिरासिंगाला मागाहून कळलं. ती जाण्याआधीच्या रविवारी नेहमीसारखा तिचा फोन आला होता. आवाज जरा बारीक वाटला; पण विचारायचा धीर त्याला तेव्हाही झाला नाही.

"काका, ऊन लय तापून राह्यलं. पोरीच्या ताकात मीठ टाकता ना?"

"टाकतो."

"अजून चिमूटभर टाका."

"बरं. ठेव मग."