फक्त साखर नि तेल

माझ्या चुलतसासऱ्यांना आजवर या पृथ्वीतलावर कोणी काहीही विकू शकलेलं नाही. त्यांनी वस्तू घेतल्या आहेत. माणूस म्हटला की चपला लागतात, छत्री लागते, चष्मा लागतो. पण त्या त्यांनी घेतल्या, त्यांना कोणी विकल्या नाहीत, आणि या दोहोंत फरक काय, असं विचारायची चूक मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात केली. चुलीवरचा भात करपला तरी काका फरक सांगतच होते. एकदा कणकवलीहून एक विमा एजंट आमच्याकडे आला, चांगला टायबिय लावून. काकांनी त्याला खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं, त्याचं सगळं म्हणणं मान हलवत ऐकून घेतलं, आणि मग मृत्यू या विषयावर स्वतःच बोलायला सुरुवात केली. उन्हं कलली तेव्हा तो बिचारा टाय खांद्यावर टाकून आमच्या माडांना पाणी घालत होता. विम्याची गोष्ट राहिली ती राहिलीच. पुन्हा तो वाडीत फिरकला नाही.

जन्मभर एसटीत कंडक्टर असल्यामुळे काकांची अशी पक्की समजूत आहे की जगातली बहुतेक माणसं चुकीच्या गाडीत बसलेली असतात आणि त्यांना वेळेवर तसं सांगणं हे आपलं काम आहे. निवृत्त झाल्यावर गाडी गेली, पण प्रवासी म्हणून आम्ही घरचे होतोच. दिवसभर आमचं करून झालं की संध्याकाळी ते तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, जायचे. तिथे त्यांच्या बालमित्राचं किराणा दुकान होतं. गाव त्या मित्राला शेट म्हणायचं. 'रे मेल्या' म्हणणारे काका एकटेच. पहिलीत एका बाकावर बसलेली ही दोन माणसं म्हातारपणीही एकाच ठिकाणी बसायची, शेट आत गल्ल्यावर आणि काका बाहेरच्या बाकड्यावर. शेटनी पुडी बांधायची आणि काकांनी गिऱ्हाइकाची उलटतपासणी घ्यायची. परवाच चहापावडर नेलीस ना, मग आज पुन्हा कशाला, घरात काय हत्ती बांधलाय? असला माणूस दारात बसवून घेणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही. शेट नुसते हसायचे, आणि काकांच्या नावाने आणखी एक चहा सांगायचे.

मग हायवे रुंद झाला आणि कणकवलीच्या जरा अलीकडे ते मोठं सुपरमार्केट आलं. आपोआप उघडणारी काचेची दारं, आत गार हवा आणि कुठूनतरी येणारं मंद मंद संगीत. मी काकांना पहिल्यांदा तिथे नेलं ते मीठ आणायला. काका बाहेर गाडीतच बसून राहिले. मी परत आले तेव्हा माझ्याबरोबर एकात एक बसणाऱ्या तीन बादल्या, दोनावर एक फुकट अशा शॅम्पूच्या बाटल्या, मक्याच्या लाह्या करायचं भांडं आणि दारात टाकायचं एक पायपुसणं होतं. काकांनी पोलिसांनी पंचनामा करावा तसा एकेक जिन्नस उचलून पाहिला, खाली ठेवला, आणि फार शांतपणे विचारलं, "आणि मीठ?"

झालं. तो त्यांनी घराण्याचा अपमान मानला. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की काका शेअर रिक्षाने तिथे जायचे आणि काही न घेता हिंडून यायचे. दारावरचा रखवालदार त्यांना आधी संशयाने बघायचा, मग नमस्कार करायला लागला. पावसाळा लागेपर्यंत काकांना त्या दुकानाची नस न् नस कळली होती, आणि रोज रात्री जेवताना आम्हाला ती ऐकावी लागत होती. आत घड्याळ नाही, खिडकी नाही. म्हणजे सांज झाली की सकाळ आहे ते माणसाला कळू नये. गाणं मंद, कारण माणूस गाण्याच्या चालीने चालतो आणि हळू चालणारा जास्त बघतो. महागाचं सगळं डोळ्यांसमोर, स्वस्तातलं पायाशी. चॉकलेटं पैसे भरायच्या रांगेत, पोराच्या हाताला लागतील अशी. ढकलगाडी एवढी मोठी की त्यात दोन जिन्नस टाकले तर आपलीच आपल्याला लाज वाटावी. हे सांगताना काकांच्या आवाजात राग नसे बरं का. एखाद्या अट्टल चोराने दुसऱ्या चोराबद्दल बोलावं तसं कौतुक असे.

मग त्यांनी स्वतःची पद्धत बसवली. बाजाराला जाण्याआधी वाडगाभर पेज आणि भाजलेला बांगडा. भुकेल्या माणसाला बिस्किटंसुद्धा सोन्याची दिसतात म्हणे. ढकलगाडीला हात लावायचा नाही, घरून आणलेली एकच पिशवी, ती भरली की बाजार संपला. खालच्या फळीवरचं बघायचं असेल तर वाकायला गुडघे तयार नसायचे, म्हणून काठीच्या मुठीने माल पुढे ओढायचा. मंद संगीताला उतारा म्हणून तोंडाने जोरात भजन. एकदा तिथे एक मुलगी नव्या चिवड्याचा नमुना वाटत होती. मी हात पुढे केला तर काकांनी तो धरून मागे घेतला. कोणाचं खाल्लं की मग त्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे त्यांनी त्या मुलीलाच समजावलं, आणि वर तिची चौकशी केली, पोरी, तू सकाळपासून काही खाल्लंस का? तिने नाही म्हटलं. काकांनी तिलाच तिचा चिवडा खायला लावला.

पण त्यांचा खरा शोध पुढेच होता. त्या दुकानात साखर आणि तेल पंचक्रोशीत मिळणार नाही इतक्या कमी भावाने असत, आणि दोन्ही अगदी शेवटच्या कोपऱ्यात ठेवलेली. काकांनी ओळखलं की हे आमिष आहे. साखरेसाठी माणूस आत शिरणार आणि कोपरा गाठेपर्यंत बादल्या घेऊन बसणार, आमच्यासारखा. "गळाक लावलेली सुंगटा ती," काका म्हणाले. "आपण सुंगटा तेवढी खावची, गळ थयच सोडून येवचो." सुंगटं म्हणजे कोळंबी हे समुद्राकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही, आणि फुकटची कोळंबी सोडणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे.

ही विद्या काकांनी स्वतःपुरती ठेवली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण वाटून टाकणं हा त्यांचा स्वभाव. चतुर्थीच्या आधी त्यांनी वाडीतल्या सगळ्या बायकांना एका टेम्पोत बसवलं आणि सुपरमार्केटवर नेलं. मीही होते. आत शिरल्यावर काका पुढे, आम्ही मागे, आणि बादल्यांपाशी कोणाचा पाय जरा अडखळला की मागे वळून खास कंडक्टरचा आवाज, "चला, फुडे सरका, मधी थांबा नको." अख्खी वाडी सरळ कोपऱ्यात गेली, साखर नि तेल उचललं आणि सरळ बाहेर आली. कॅशवरच्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मॅनेजर स्वतः येऊन अदबीने म्हणाला, आजोबा, सणाचं बाकी काही बघणार नाही का? काका म्हणाले, बघितलं की, छान मांडलंय. टेम्पोत बायका हसून हसून पडायच्या बाकी होत्या. इतकी मजा मला माहेरच्या लग्नातसुद्धा आली नव्हती.

त्या संध्याकाळी मी कापूर आणायला तिठ्यावर गेले तर काका बाकड्यावरून उठून, हातवारे करून, मॅनेजरचा आवाज काढून हा सगळा प्रसंग शेटना सांगत होते. शेट हसत होते. त्यांच्यामागे साखरेची पोती उभी होती, चतुर्थीसाठी भरून ठेवलेली, तोंडं शिवलेली. मी ती पोती मोजत राहिले. काकांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. बाकड्याचं तोंड रस्त्याकडे होतं आणि काका जन्मभर रस्त्याकडेच बघत आलेले. शेटनी मला कापूर बांधून दिला, काकांचा चहा सांगितला आणि विचारलं, मग तो मॅनेजर पुढे काय म्हणाला?

त्यानंतर दर महिन्याला टेम्पो जाऊ लागला. आधी आमची वाडी, मग खालची, मग बाजूचं गाव. तिठ्यावर लोक जायचे ते काडेपेटीला, कापराला, रात्री अचानक संपलेल्या मिठाला. शिमगा झाला आणि एका संध्याकाळी काका लवकर घरी आले, पडवीत बसले आणि चपला काढायचं विसरले. काकींनी दोनदा विचारलं तेव्हा बोलले. शेटनी दुकान बंद करायचं ठरवलं होतं. काका शेटना ओरडले, धंदा म्हटला की वरखाली व्हायचंच, एवढ्यात हातपाय गाळतोस कसले? तेव्हा शेटनी त्यांना सांगितलं, अगदी हिशेब समजावून द्यावा तसं शांतपणे, की बाबा रे, किराणा दुकान कापरावर चालत नाही. "साखर नि तेल, हेच्यारच माजा दुकान उभा होता. बाकीचा सगळा तेच्या आंगान खपायचा." साखरेला आलेलं गिऱ्हाईक जाता जाता बाकीचंही नेणार, एवढंच शेटचं गणित.

काकांना हे कळलं नव्हतं. रोज संध्याकाळी त्या दारात बसणाऱ्या माणसाला कळलं नव्हतं. सुपरमार्केटवाल्यांचा गळ कसा चुकवायचा ते त्यांनी पंचक्रोशीला शिकवलं, आणि आमिष खाल्ल्याने कोणाच्या ताटातलं कमी होतंय ते बघायचं राहून गेलं. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली, कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच काका घरोघर निघाले. एवढा एक महिना साखर तिठ्यावरून घ्या, तेल तिठ्यावरून घ्या. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस कोणालातरी काहीतरी खपवायला बघत होता आणि त्याला ते मुळीच येत नव्हतं. विनवण्या करता करता मध्येच आवाज चढायचा, भांडण व्हायचं, परत माफी. बायका ऐकून घ्यायच्या, पाणी द्यायच्या, आणि भाव विचारायच्या. भाव ऐकला की हसायच्या. शेजारच्या वहिनी तर सरळ म्हणाल्या, "काकानू, तुमी आमका विकूक इलास?" त्यात वाईट काही नव्हतं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या बायका त्या.

दुकान बंद झालं. भांडण वगैरे काही झालं नाही, तेच तर वाईट. शेटचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण इतक्या वर्षांत दोघं एकमेकांच्या घरी लग्नकार्याशिवाय कधी गेलेच नव्हते. गरजच पडली नाही. आता जायचं म्हणजे काय निमित्ताने जायचं, आणि जाऊन कुठे बसायचं, हेच त्यांना कळेना. काका संध्याकाळी अंगणात येरझाऱ्या घालायचे. काकी म्हणायच्या, जाऊन या एकदाचे. ते म्हणायचे, उद्या जातो.

शेवटी शेटच आले. पावसाच्या तोंडावर एका सकाळी अंगणात उभे राहून, जरा लाजल्यासारखे, म्हणाले, घरातली साखर संपली, तुम्ही कणकवलीला जाल तेव्हा मला पण न्या. जन्मभर ज्यांनी साखर विकली त्यांच्या घरात साखर विकत आणायची वेळ कधी आलीच नव्हती. मी गाडी काढली. सुपरमार्केटात शिरल्यावर काका नेहमीसारखे पुढे झाले नाहीत, शेटच्या मागून चालू लागले. शेट मात्र प्रत्येक फळीपाशी थांबत होते. डाळीच्या पिशव्या हाताने तोलून बघत, तांदूळ प्लॅस्टिकवरून चोळून बघत, बरण्या कशा रचल्यात ते मान तिरकी करून बघत. एका पोऱ्याने वाकडी ठेवलेली चहाची खोकी त्यांनी सवयीने सरळ करून टाकली. त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला त्यांच्याकडे बघवेना. कोपऱ्यात पोचल्यावर त्यांनी साखरेची पिशवी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "माल बरो आसा रे. माका ह्या भावान कदीच गावलो नसतो." मग काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चांगलं दुकान आहे, उगाच नाही लोक येत.

काकांनी दोघांची साखर स्वतःच्या पिशवीत घेतली आणि रांगेत जाऊन उभे राहिले.

घरी परतल्यावर ते जेवले नाहीत. मी पेज घेऊन पडवीत गेले तर म्हणाले, ठेव तिथे. मी वळले तशी म्हणाले, "तेच्या तोंडार वायच राग दिसलो आसतो, तर बरा झाला आसता गो."