गोवऱ्यांचं पोतं घेऊन राजूरला

आमच्या आळीतला एक जण राजूरच्या कोळसाखाणीत कामाला आहे. तो सुटीवर नेरला आला आणि सायकलचं पंक्चर काढून घ्यायला माझ्या दुकानात बसला. बसल्या बसल्या त्यानं निरोप सांगितला, "तुह्या बहिणीनं सांगतलं, बाबा जेवत नाईत. भाकर पुढं केली का तोंड फिरवतेत. रोडगे पाह्यजे म्हणतेत."

"मंग तिनं करावं ना," मी म्हणालो.

"तिथं करता येत नाई म्हणे. तुले बलावलं."

ट्यूब पाण्यात धरून मी बुडबुडे बघत राहिलो. भोक कुठं आहे ते दिसत होतं, तरी पाहतच होतो. राजूरला गहू मिळतो, पीठ मिळतं, बहिणीला हात आहेत. करता येत नाही म्हणजे काय?

रोडगे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गहू जात्यावर जाडसर दळायचा, रव्यापेक्षा बारीक आणि पोळीच्या कणकेपेक्षा जाड. तेलाचं मोहन, ओवा, मीठ घालून कणीक घट्ट भिजवायची. लहान लहान चकत्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून एकावर एक रचायच्या. वरून एका मोठ्या पारीत त्या बंद करून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचा. सोबत वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण. आमच्याकडे रोज ज्वारीची भाकर. गहू दळला जाई तो मरीमायच्या नवसाचे रोडगे करायलाच.

छप्पन साली आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मरीमाय सुटली, नवस सुटले आणि त्यांच्यामागे रोडगेही सुटले. रोडगे सोडा असं कोणी सांगितलं नव्हतं. पण चूल मांडताना जो तो इकडेतिकडे बघू लागला. मी मात्र परसात दोन-तीनदा करून पाहिले. खाण्याला कसला आलाय धर्म, असं माझं मत होतं. मत पक्कं होतं, रोडगे मात्र चुकत होते.

हे लिहिताना मला जड जातं, कारण माझा स्वयंपाक चुकत नाही. वाचायला मी कोणाकडे शिकलो नाही, सायकल उघडून जोडायलाही कोणाकडे शिकलो नाही आणि स्वयंपाकही मला कोणी शिकवला नाही. माझी बायको अनसूया कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये जाते, तेव्हा चूल माझी. आंबाडीची भाजी, शेंगोळे, गोळाभात, पाटवडी हे सगळं मी जिभेवर शिकलो. चाखायचं, थांबायचं, पुन्हा चाखायचं. आळीतले हसतात, पण लग्नाच्या वरणाला मीठ घालायचं झालं की मलाच हाक मारतात.

रोडग्यांपाशी ही जीभ कामाला येत नव्हती. माय रोडगे करताना चाखत नसे. नैवेद्याचं उष्टं करायचं नाही आणि करताना बोलायचंही नाही. तळहातावर मीठ घेऊन ती टाकायची आणि मी शेजारी बसून नुसता बघायचो. अनसूयाने सून म्हणून ते एक-दोनदा खाल्ले, आणि दीक्षेच्या आधीच माय गेली. आता चाखायला मोकळीक होती, तरी मायची चव मिळत नव्हती. मीठ बदललं, ओवा बदलला, गहू बदलून पाहिला. नाही म्हणजे नाही.

निघायचं ठरलं तेव्हा अनसूया म्हणाली, "पीठ नेता, तेल नेता, वांगे नेता. आता चूलबी नेता काय?"

चूल नाही नेली, पण गोवऱ्या नेल्या. राजूरला घरोघरी शेगडीत दगडी कोळसा जळतो. कोळशावर भाजलेला रोडगा कसा लागेल याची कल्पना करवेना. म्हणून माळावर आपोआप वाळलेल्या रानगोवऱ्या वेचून पोतं भरलं. हाताने थापलेल्यांपेक्षा या सावकाश जळतात आणि त्यांचे निखारे मऊ पडतात.

नेरहून यवतमाळला सकाळची एस.टी. पकडावी. हिवाळ्यात रस्ता चांगला असतो, फक्त कापसाच्या गाड्यांची रांग आडवी आली की मागून धूळ खात जावं लागतं. यवतमाळला गाडी बदलली. वणीची गाडी लागायला वेळ होता, म्हणून स्टँडसमोर भजी आणि चहा घेतला. भज्यात बेसनापेक्षा सोडा जास्त होता. जाणाऱ्यांनी नुसता चहा घ्यावा.

वणीच्या गाडीच्या कंडक्टरने पोत्यावर हात ठेवला. "काय हाय यात?"

"गोवऱ्या."

"कुठं?"

"राजूरले."

त्याने ड्रायव्हरला हाक मारली, "ऐकलं का बे? हे कोळशाच्या गावाले गोवऱ्या घेऊन चालले!" मग माझ्याकडे वळून, "काका, येतानी कोळसा आणजा नेरले."

गाडी हसली. मीही हसलो. पोतं टपावर चढवू दिलं नाही, गोवऱ्यांचा चुरा झाला असता. पायाशी घेऊन बसलो. शेजारी एक म्हातारी होती. करंजी गावाला गाडी थांबली तेव्हा तिने हळूच माझ्या गुडघ्याला हात लावला.

"कोन गेलं, बाप्पा?"

मला कळलंच नाही.

"गोवऱ्या नेऊन राह्यला म्हनून इचारलं."

"कोणी नाई गेलं, माय. खायाचं करायचं हाय."

"असं होय," ती म्हणाली; पण तिचा विश्वास बसला नसावा. मारेगावला उतरताना पोत्याला पाय लागला तेव्हा तिने नमस्कार केला. तिथून वणीपर्यंत रस्ता सागाच्या झाडीतून जातो, चांगला आहे म्हणतात. मी पाहिला नाही. पोत्याकडे बघत होतो. मी स्वयंपाकाला निघालो आहे की कशाला, हेच मला सांगता येईना.

वणीहून राजूर टांग्याने अगदी जवळ. अलीकडे चुन्याच्या भट्ट्या आणि पलीकडे खाण, म्हणून गावात शिरणारा माणूस एका खांद्यावर पांढरा आणि दुसऱ्यावर काळा होतो. बहीण सुभद्रा दारातच उभी होती. पोतं बघून आधी तिने मलाच आत ओढलं.

"दादा, हे आंगनात नको ठेवू. लोक पाह्यतीन."

"गोवऱ्याच हायेत."

"तेच म्हनून राह्यली ना!"

मग उलगडलं. तिचा नवरा शामराव वस्तीच्या पंचमंडळात आहे. कोणी चोरून नवस फेडला तर त्याला समजावायला शामरावच जातो. त्याच्याच अंगणात रोडग्यांचा धूर निघाला तर तो कोणत्या तोंडाने बोलणार? करता येत नाही म्हणजे हे होतं.

"बाबाले नवस फेडायचा असन," सुभद्रा डोळे पुसत म्हणाली. "विचारलं तं सांगत नाईत. आपल्या गावात पह्यला हात यायचाच वर झालता दीक्षेले. अन् आता म्हातारपनी..."

बाबा आत बाजेवर होते. नेरला दमा उठतो म्हणून दोन वर्षांपूर्वी ते मुलीकडे राहायला आले. चुन्याच्या आणि कोळशाच्या धुरात दमा कसा कमी होतो, ते मला कळलेलं नाही. हात काठीसारखे झाले होते. मी विचारलं, "बाबा, कायचा रोडगा पाह्यजे? मरीमायचा?"

"गव्हाचा," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

शामराव पहिल्या पाळीहून आला. हातपाय धुतले, पण डोळ्यांच्या कडा काळ्याच. मी सगळं सांगितलं. तो चिडला नाही. चिडला असता तर मला बोलता आलं असतं.

"दादा, तुमी पोटासाठी करा, मी पह्यला खातो," तो म्हणाला. "पन देवासाठी असन तं माह्या दारात नको. लोकायनं लय सोसून सोडलं हे."

"कशासाठी हाय तेच समजून नाई राह्यलं," मी म्हणालो.

"मंग आंगनातच करा. लपून केलं तं तो नवसच झाला."

दुसऱ्या दिवशी त्याची सुटी होती. अंगणात गोवऱ्या रचल्या. शेजारपाजारच्या दारांत माणसं आली. सुभद्राने वरण टाकलं. वांग्याची भाजी मी केली: तेलात जिरं, लसूण, तिखट, वांगी फोडी करून, आणि पाणी अगदी बेताचं. कणीक भिजवून मी मीठ चाखलं. तोंडात ठेवून विचार केला, पुन्हा चाखलं. सुभद्रा हसली, "माय असती तं हातावर मारलं असतं."

धूर सरला, निखाऱ्यांवर राख धरली, तसे रोडगे आत सोडले. बाबांनी बाज बाहेर आणायला लावली. गावी नवसाच्या दिवशी आगीपाशी तेच बसत आणि काडीने रोडगे फिरवत. इथं बसल्या जागेवरून मला सांगत होते, "तो फिरव. तिकडचा. करपते ना बे!" कित्येक दिवसांनी आवाज चढला म्हणून सुभद्रा शेगडीवरचं वरण सोडून बघायला आली.

पहिला रोडगा निघाला. फडक्यात घेऊन राख झटकली. त्याला चीर पडून आतले पदर दिसत होते. आणि मी तो उचलून बाजूला एका पळसाच्या पानावर ठेवला.

का ठेवला? ठरवून ठेवला नव्हता. आमच्या घरात पहिला बाजूलाच निघायचा. हात गेला. मी दुसरा काढायला वळलो आणि लक्षात आलं की अंगणात कोणी हलत नाही. शामराव पानाकडे बघत होता.

"दादा, तो कोनाचा?"

दाराशी उभी असलेली माणसंही तेच विचारत होती, न बोलता. खाण्याला धर्म नसतो म्हणणारा मी, आणि पान मांडून बसलो होतो मीच. माझाच हात मला ओळखू येईना.

बाबा बाजेवरून वाकले, पानावरचा रोडगा उचलला. भाजला, तसा या हातातून त्या हातात केला. मग गुडघ्यावर ठेवून मुठीने फोडला. वाफ त्यांच्या तोंडावर गेली.

"माहा हाय," ते म्हणाले.

तूप, वरण कशाचीच वाट न बघता त्यांनी तुकडा तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आलं, ते भाजल्याचं होतं. चावत चावत बोलले, "जलमभर आगीपाशी बसलो. येवढे रोडगे भाजले. गरम एकबी नाई खाल्ला."

मग त्यांनीच सांगितलं. आधी मरीमाय. मग मानकऱ्यांची वाट बघणं, गावाचा मान, पाहुण्यांचा मान. आमच्या ताटात यायचा तेव्हा दिवस बुडालेला असे आणि रोडगा दगड झालेला. "आपला मान शेवटचा," बाबा म्हणाले. "मरीमाय सुटली तवा वाटलं, आता खाईन गरम. तं तुमी रोडगेच बंद केले!"

"मंग सांगतलं काहून नाई, बाबा?" सुभद्रा जवळजवळ ओरडली.

"खायासाठी हट्ट करून राह्यला बुढा, असं सांगू? जवायाच्या घरी?"

शामराव बाजेपाशी खाली बसला. हात पुढे केला. "द्या मले अर्धा. पह्यला खातो म्हनलं होतं."

"दुसरा घे," बाबा म्हणाले.

अंगण हसलं. मग शेजारचीही माणसं आत आली आणि तिसरा, चौथा कोणी घेतला ते मला माहीत नाही. बाबांनी पहिला संपवला आणि वरणात कालवून आणखी थोडा खाल्ला. मी मात्र विचारल्याशिवाय राहिलो नाही.

"मायच्यावानी झाला का?"

"नाई," बाबा म्हणाले. "मायच्या हातचा थंडा राहे."

मी तिथंच निखाऱ्यांपाशी बसून राहिलो. इतकी वर्षं मी मिठाचा हिशेब लावत होतो. परसात रोडगा काढला की लगेच चाखत होतो, गरमागरम, आणि मायची चव नाही म्हणून फेकून दिल्यासारखं ताट सारत होतो. मी जी शोधत होतो ती चव मायची होती, की वाट बघण्याची? आणि ती दुसरी असेल, तर मी ती कशाला शोधत होतो?

परतीच्या गाडीत पोतं रिकामं होतं. कंडक्टर दुसरा होता, नाहीतर कोळशाचं विचारलं असतं. बाबा राजूरलाच राहिले. निघताना सुभद्रा म्हणाली की सकाळी त्यांनी भाकर घेतली, पण तव्यावरून थेट हातात मागितली.

नेरला आल्यावर मी रोडगे केले. एक निघताच फोडला आणि एक टोपलीखाली झाकून ठेवला. दिवेलागणीला अनसूया जिनिंगमधून आली, केसांत कापूस तसाच. झाकलेला फोडून तिला दिला. तिने वरणात बुडवला, चावला, थांबली.

"अवो, हा तं सासूबाईंचा," ती म्हणाली.

मी तिच्या ताटातला तुकडा घेतला. होता. तोच. राखेचा वास आत मुरलेला, ओवा मागून येणारा, मीठ जसंच्या तसं. म्हणजे मीठ माझं कधीच चुकलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. मला बाबा दिसले, दगडासारखा रोडगा मुठीने फोडणारे.

"मंग तुमाले कोनता आवडते?" अनसूयाने विचारलं. "गरम का थंडा?"

मला अजून सांगता आलेलं नाही. एवढं झालं आहे की आता महिन्यातून एकदा आमच्या अंगणात गोवऱ्या पेटतात, आणि पहिला रोडगा निघाला की मी तो बाजूला ठेवत नाही. उभ्या उभ्या फोडून खातो. जीभ इतकी भाजते की मीठ बरोबर पडलं आहे की नाही, ते मला कळतच नाही.