सीनाकाठची फेरी

वैदेहीबाई मंद्रूपला आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. राहायला सोलापुरात, रोज एसटीनं ये-जा. चाळिशी उलटल्यावर त्यांनी गिअरची सायकल घेतली तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये हसलो होतो. त्यांचे यजमान नंदूभाऊ कचेरीत कारकून. तेही म्हणाले, "या वयात गुडघे कशाला घालवतेस?" बाईंनी येत्या रविवारीच सायकल बाहेर काढली.

सीना नदीच्या काठाला वनखात्याचं रान आहे. कडुलिंब, हिवर आणि मोकाट वाढलेली वेडी बाभूळ. त्यातून गुराख्यांची पायवाट जाते. कुंपणापासून निघायचं, माळावरून घसरत नदीला भिडायचं, काठाकाठानं जायचं आणि मुरमाड चढ चढून परत कुंपणाशी यायचं, अशी बाईंची फेरी. दर रविवारी सायकल टेम्पोत टाकून त्या तिथं यायच्या. काट्यांनी ट्यूब फुटायची, हात ओरबाडून निघायचे. सोमवारी वर्गात मात्र पोरांना सांगायच्या, काल काळवीट दिसलं, काल नदीवर करकोचे उतरले होते. घरात, शाळेत त्या मोजकंच बोलणाऱ्या. रानाबद्दल बोलताना आवाज बदलायचा.

त्या रविवारी सकाळीही सोबतीला कुणी नव्हतं. माळावरची घसरण त्यांच्या पायाखालची होती, म्हणून ब्रेक सैल सोडले होते. पण आठवड्याभरात वाळूच्या ट्रॅक्टरांनी काठ फोडून नदीत उतरायला नवी वाट केली होती. वळणापलीकडे पायवाट नव्हतीच, खोल चर होता. पुढचं चाक त्यात गेलं आणि बाई सायकलीवरून पलीकडे फेकल्या गेल्या. उजवा पाय गुडघ्याच्या वर मोडला. मोबाइल दगडावर आपटून बंद पडला.

ओरडून घसा बसायला आला तेव्हा नदीतून ट्रॅक्टरचा आवाज आला. भरलेली ट्रॉली चढ चढून वर आली आणि थांबली. चालवणारा पोरगा खाली उतरला, चार पावलं पुढं आला.

"बाई?"

तो सिद्धेश्वर होता. आमच्याच शाळेतून दहावी झालेला, शेवटच्या बाकावरचा, शांत पोरगा.

"सिद्धेश्वर, पाय मोडलाय. गाडी बोलाव."

त्यानं पायाकडं बघितलं, मग मागं ट्रॉलीतल्या चोरट्या वाळूकडं. "आलोच बाई. तुमी हलू नका," म्हणाला आणि ट्रॅक्टर घेऊन गेला.

बाई हलल्या नाहीत. हे त्यांनी मला पुढं दवाखान्यात सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला होता, म्हणून त्या ओरडायच्या थांबल्या. वरच्या माळावरून मोटारसायकली जात होत्या, त्यांनाही त्यांनी हाक मारली नाही. ऊन डोक्यावर आलं. पायाची बोटं आधी बधिर झाली, मग गार पडली. शास्त्र शिकवणाऱ्या बाईंना त्याचा अर्थ कळत होता. तरी त्या वाटेकडं बघत राहिल्या.

दिवस कलल्यावर शेळ्या घेऊन सुंदरम्मा आली. पलीकडच्या वस्तीवरची, कानडी बोलणारी म्हातारी. "एनायतव्वा?" काय झालं बाई, असं विचारत तिनं बाईंचं डोकं मांडीवर घेतलं, बाटलीतलं पाणी पाजलं आणि पुतण्याला फोन लावला. जीप आली. घोंगड्यात घालून बाईंना सोलापूरला नेलं.

डॉक्टरांनी नंदूभाऊंना बाहेर बोलावलं. हाडानं रक्ताची नळी दाबली होती, पाय मेला होता. "सकाळीच आणलं असतं तर वाचवता आला असता," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाय मांडीतून काढला.

पोलीस जबाब घ्यायला आले. कुणी पाहिलं होतं का, असं त्यांनी विचारलं. नंदूभाऊ मध्येच म्हणाले, "पोरगा आहे तो, वैदेही. नाव घेऊन पाय परत येणार आहे का?"

"नाही येणार," बाई म्हणाल्या. "पण विचारलंय, तर सांगायला नको?" आणि त्यांनी नाव सांगितलं.

सिद्धेश्वरची आई महानंदा बाईंच्या घरी आली तेव्हा मी तिथंच होते. ती खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्याशीच बसली.

"त्यो भ्याला बाई. वाळू धरली असती तर मालकानं त्यालाच पुढं केला असता की. तुमच्या हाताखाली शिकलेला पोरगा हाय. एवढं मागं घ्या."

"भ्याला, ते मला कळतं," बाई म्हणाल्या. "पण वाळू उतरवून झाल्यावर? कुणालाही नुसतं सांगायचं होतं, रानात बाई पडलीय म्हणून. स्वतःचं नाव सांगायची तरी काय गरज होती?"

महानंदानं पदराचा काठ चोळला. मग म्हणाली, "मी बी त्याला ह्येच इचारलं. बोलला न्हाय." आणि उठून गेली. बाईंनी जबाब बदलला नाही.

मग व्हायचं तेच झालं. गुन्हा वाळूचोरीचा लागला, तोही सिद्धेश्वरवर. ट्रॅक्टरच्या मालकाचं नाव त्यानं घेतलं नाही, मालकानं त्याला ओळख दाखवली नाही. जामिनावर सुटल्यावर तो गाव सोडून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागला. गावात काही जण बाईंनाच कठोर म्हणू लागले. वर्गातल्या दोन पोरांनी त्यांच्याकडं बघणं सोडलं. कृत्रिम पाय बसवून बाई शाळेत आल्या होत्या, पण एसटीच्या पायऱ्या झेपेनात. वर्षअखेरीस त्यांनी नोकरी सोडली.

मध्यंतरी एकदा भेटायला गेले तेव्हा त्यांनी सांगितलं, सिद्धेश्वर येऊन गेला. दुपारी, नंदूभाऊ कचेरीत असताना. दारातच उभा राहिला. वाळलेला, केसांत सुताची पूड.

"मी विचारलं त्याला, त्या दिवशी तिथून गेल्यावर काय केलंस?"

"मग?"

"म्हणाला, वाळू टाकली, घरी गेलो, जेवलो. जरा पडतो आणि मग कुणाला तरी सांगतो, असं मनात होतं. बाई, मला झोप लागली."

 मी विचारलं, "तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, खरं बोललास. आता जा, आणि परत येऊ नकोस."

तो परत आला नाही. बाई आता घरी शिकवण्या घेतात. परवा एका मुलीनं विचारलं, बाई, तुम्ही रानात एकट्या जायच्या, भीती नाही वाटायची? वाटायची, लांडग्यांची, असं त्या म्हणाल्या आणि तिला पुढचं गणित घातलं.