विधातेसाहेबांचं खेळणं

ज्ञानेश विधाते सिन्नरच्या एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजर आहेत. मी त्याच कंपनीत डिस्पॅचला आहे. शिवाय नाशिकच्या गंगापूर रोडला आमची सोसायटी एकच, त्यांचा फ्लॅट खाली आणि माझा बरोबर त्यांच्या डोक्यावर. म्हणजे सकाळी कंपनीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट माझी, आणि त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली की तीही माझीच. त्यामुळे त्यांच्या आयुष्यात महत्त्वाचं काही घडलं की मला कळतंच. मागच्या वर्षापर्यंत तसं काही घडत नव्हतं.

विधाते फार जबाबदार माणूस. वय त्रेचाळीस. खोक्याच्या कडेवरून बोट फिरवून नुसती मान हलवली, की अख्खा लॉट परत. घरची फुलशेती मखमलाबादला, ती थोरले बंधू भिमाजी आणि आई गोजराबाई बघतात. विधाते दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिकडे जातात, झेंडूत उभं राहून फोटो काढून घेतात, खाली ‘मातीशी जोडलेला’ असं लिहून टाकतात आणि चप्पल झटकून परत येतात.

तर एका सकाळी आमची बस द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकली होती आणि विधाते मोबाइल बघत होते. त्यात एक जाहिरात लागली. नवा व्हिडिओ गेम, हातात धरून खेळायचा, मोठा पडदा, दोन्ही बाजूंचे कंट्रोलर सुटे होणारे. जाहिरातीत गच्चीवर चार-पाच तरुण मंडळी ते यंत्र हातात धरून अशी काही हसत होती, की त्यांना पगारवाढ, प्रमोशन आणि दिवाळीचा बोनस एकदम मिळाला असावा.

विधात्यांनी जाहिरात दोनदा पाहिली. मग मान वर करून बसमध्ये नजर फिरवली. पुढच्या सीटवर अकाउंट्सचे साहेब तोंड उघडं टाकून झोपले होते. त्यांच्या मागे कोणीतरी नाक साफ करत होतं.

“बघा,” विधाते मला म्हणाले, “लोक कसे जगतात.”

“कोण लोक?”

“हे.” त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. “तुम्हाला सांगतो, लहानपणी मी यात चॅम्पियन होतो. सुट्टीत येवल्याला मामाकडे जायचो. मामाचं पैठणीचं दुकान, घरात टीव्ही गेम. मी आणि मामेभाऊ किशोर, दिवसभर विमानं पाडायचो. किशोरला विचारा कधी. माझा हात धरणारं कोणी नव्हतं.”

त्या दिवसापासून बसमध्ये आमचा दुसरा विषयच राहिला नाही. विधात्यांनी त्या यंत्राबद्दल इतके व्हिडिओ पाहिले, की ते बनवणाऱ्या इंजिनिअरला काही अडलं असतं, तर त्याने सिन्नरला फोन करायला हरकत नव्हती. बॅटरी किती टिकते, पडदा किती चमकतो, गरम झालं तर मागून वारा कसा येतो. खेळ कोणता खेळणार, असं मी एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू मी नवऱ्या मुलाला मांडवात पगार विचारला होता.

घरात विषय काढायला मात्र त्यांना धीर गोळा करावा लागला. त्यांच्या पत्नी साधनाताई ब्लाउज शिवायचं बुटीक चालवतात. गळ्यात टेप आणि हातात कात्री घेऊन बोलणाऱ्या बाईसमोर कोणीही जपूनच बोलतो.

“घरात सगळ्यांनी एकत्र वेळ घालवायला हवा,” विधाते म्हणाले.

“अहो, घरात कॅरम आहे. त्याच्यावर तुम्ही ड्रिल मशीन ठेवलंय.”

“यानं हात आणि डोळे यांचा ताळमेळ सुधारतो. संशोधन आहे तसं.”

“मग घ्याच. पार्किंगचा खांब तरी वाचेल.”

“आणि मुख्य म्हणजे दिशासाठी घेतोय.”

दिशा त्यांची मुलगी, अकरावीत. ती पुस्तकातून मान न उचलता म्हणाली, “माझ्यासाठी? बाबा, मी हेडफोन मागितले होते.”

अशा रीतीने घरच्यांच्या आग्रहाखातर विधात्यांनी ते यंत्र मागवलं.

ते आलं त्या रविवारी मला खास बोलावणं होतं. विधाते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. दिशाच्या हातात मोबाइल देऊन तिला शूटिंगला उभी केली होती. त्यांनी खोका टेबलावर ठेवला आणि त्याच्याभोवती एक फेरी मारली.

“कडा बघा,” ते हळूच म्हणाले. “एक सुरकुती नाही. झाकण बघा कसं बसलंय. आपल्याकडे असा एक खोका निघाला तर मी राजीनामा देईन.”

त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. मी म्हटलं, “आतलं बघायचं का?”

आतलं निघालं. काळंभोर, गुळगुळीत, देखणं. खोटं कशाला बोलू, हातात घेतल्यावर मलाही क्षणभर आपण त्या गच्चीवर असल्यासारखं वाटलं. पण विधात्यांनी ते लगेच काढून घेतलं, कारण पडद्यावर संरक्षक काच बसवायची होती. ती बसवताना आत हवेचा एक बुडबुडा राहिला. मोहरीएवढा. तो काढायला विधाते कॉलेज रोडच्या मोबाइलवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “साहेब, दिसतसुद्धा नाही.” विधाते म्हणाले, “मला दिसतो.” मग दुसरी काच आली. मग कव्हर, कव्हरला बॅग आणि बॅगेला आणखी एक पिशवी.

पाठोपाठ नियम आले. हात धुतल्याशिवाय हात लावायचा नाही. घरात कोणी चिवडा खात असेल तर यंत्र दुसऱ्या खोलीत. उन्हात नाही, स्वयंपाकघरात नाही, पंख्याखाली धूळ बसते म्हणून तिथेही नाही. थोडक्यात, त्या यंत्राला सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे त्याचा खोका.

एक दिवस त्यांनी ते बसमध्ये आणलं. अकाउंट्सचे साहेबसुद्धा जागे झाले. सगळ्यांनी दुरून पाहिलं, वा वा केलं. कोणीतरी म्हणालं, “लावा की एखादा गेम.” विधाते म्हणाले, “अजून अपडेट व्हायचंय.” आणि पिशवीची चेन लावली.

खरी गोष्ट साधनाताईंकडून कळली. अपडेट कधीच झालं होतं. विधाते रोज संध्याकाळी बेडरूमचं दार लोटून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होते. शर्यतीत बारा गाड्या असतात. विधाते बारावे यायचे. आधी त्यांनी खुर्ची बदलली. मग पाठीला उशी घेतली. मग चष्म्याचा नंबर तपासून आणला. चष्मा नवा आला, विधाते बारावेच राहिले.

“सेटिंगचा प्रॉब्लेम आहे,” ते साधनाताईंना म्हणाले. “माझा हात जुन्या गेमवर बसलाय. विमानाचा हात वेगळा असतो.”

त्याच सुमारास किशोर नाशिकला आला. येवल्याचं दुकान आता तो बघतो. गंगापूर रोडच्या एका गिऱ्हाइकाला पैठण्या दाखवून तो आतेभावाकडे डोकावला. विधात्यांनी मला हाक मारून खाली बोलावलं. त्यांना साक्षीदार हवा होता.

“किशोर, सांग यांना,” विधाते सोफ्यावर ऐसपैस रेलून म्हणाले. “येवल्याला विमानं कोण पाडायचं?”

किशोर हसायला लागला. आधी साधा, मग पोट धरून.

“अरे ज्ञानेश, तुला अजून माहीत नाही? तुझा रिमोट लावलेलाच नसायचा!”

“म्हणजे?”

“म्हणजे वायर नुसती टीव्हीच्या मागे टाकलेली असायची. मशीनची दुसरी पिनच गेली होती. बाबा म्हणाले, पाहुणा आहे, रडायला नको, हातात द्या काहीतरी.”

विधात्यांनी चष्मा काढून पुसला.

“मग ती विमानं...”

“मी पाडायचो. तू ओरडायचास.”

“सगळ्या सुट्ट्या?”

“अरे, तीन-चार उन्हाळे तरी.” आता किशोरचं हसू ओसरायला लागलं होतं. “पण तू ओरडायचास भारी हां.”

साधनाताई उठून आत गेल्या. मला वाटलं, हसायला गेल्या. त्या चहा घेऊन आल्या. विधात्यांना मधुमेहाच्या भीतीनं एरवी बिनसाखरेचा मिळतो. त्या दिवशी त्यांच्या कपात साखर होती, हे त्यांच्या तोंडावरून मला कळलं.

दुसऱ्या दिवशी यंत्र खोक्यात गेलं. कंपनीनं जशी ठेवली होती तशीच वायर गुंडाळून, पातळ कागदसुद्धा परत घालून. खोका कपाटावर गेला. बसमध्ये विधाते मला म्हणाले, “मला मुळात टेक्नॉलॉजीत रस आहे. खेळण्यात काय ठेवलंय?” मी मान डोलावली. त्यानंतर आठवडाभर त्यांनी कोणालाही विनाकारण लॉट परत पाठवला नाही, यावरून त्यांची तब्येत किती बिघडली होती ते समजावं.

मग गोजराबाई आल्या. फुलांना पाणी देताना बांधावरून पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर झालं. डॉक्टर गंगापूर रोडचे, म्हणून भिमाजींनी त्यांना विधात्यांकडे आणून ठेवलं. ही बाई पहाटे उठून फुलं तोडणारी आणि उजाडायच्या आत बाजारात पोचणारी. तिला आता दिवाणावर पाय वर करून बसायचं होतं. आल्या आल्या त्यांनी घरातली सगळी मेथी निवडून टाकली. मग वर्षभर पुरतील इतक्या वाती वळल्या. साधनाताईंकडून ब्लाउज मागून घेऊन हुक लावले. टीव्हीवर मालिका लावून दिली, तर म्हणाल्या, “ह्या बाया कामं कधी करत्यात गं? लय बोलत्यात नुसत्या.”

शेवटी दिशा कंटाळली आणि खुर्चीवर चढून तिने कपाटावरचा खोका काढला.

त्या संध्याकाळी मी शिडी मागायला विधात्यांबरोबर त्यांच्या घरी शिरलो आणि दोघंही दारातच थांबलो. गोजराबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्लास्टरचा पाय उशीवर, मांडीत चिवड्याची वाटी, आणि हातात ते यंत्र. काचेवर तेलाची बोटं उमटली होती. एक शेंगदाणा बटणापाशी अडकला होता.

“आई, हात...” विधाते म्हणाले.

“थांब रं. समुद्र येतोय आता.”

विधाते धावत जवळ गेले. पडद्यावर एक लाल गाडी निवांत चालली होती आणि बाकीच्या गाड्या समोरून सुसाट येत होत्या.

“आई, तू उलटी चालली आहेस!”

“मी सांगितलं आजीला,” दिशा म्हणाली.

“उलटी कुठं? मी सरळच हाय,” गोजराबाई म्हणाल्या. “बाकीचीच समोरून येत्यात. ए, हो बाजूला! बाजार निघून चाललाय का तुझा?”

“अगं, शर्यत आहे ती. नंबर लागतो त्यात.”

“मग माझा कितवा?”

“बारावा.”

“गाड्या किती हायेत?”

“बारा.”

“मग लागला की नंबर.” त्यांनी चिवड्याचा घास घेतला आणि त्याच हातानं वळण घेतलं. “तुझा कितवा येतो?”

दिशानं माझ्याकडे पाहिलं. मी शिडीकडे पाहिलं.

“बारावाच,” विधाते म्हणाले.

“मग तू बी समुद्र पाहिला असशील की. लय भारी हाय. होड्या हायेत, पाखरं हायेत.”

“नाही पाहिला. मी रस्त्याकडे बघत होतो.”

“आता बघ मग. ये, बस हितं.”

विधाते बसले. ऑफिसच्या कपड्यांवर, हात न धुता. त्यांना शेंगदाणा काढायचंही सुचलं नाही. मी शिडी उचलली आणि निघालो. माझ्या मागे गोजराबाईंचा आवाज येत होता, “ती बघ, ती बघ पांढरी.”

प्लास्टर असेपर्यंत हे चाललं. बसमध्ये विधाते एकदाही यंत्राबद्दल बोलले नाहीत, मात्र उतरायची घाई त्यांनाच जास्त असायची. घरी माय-लेक आळीपाळीनं गाडी चालवत. गोजराबाई समोरून येणाऱ्यांना शिव्या घालत, विधाते होड्या मोजत. दिशा म्हणते, त्यांनी तो सगळा डोंगर, पूल, बोगदा उलटा पालथा घातला, फक्त शर्यत तेवढी केली नाही.

प्लास्टर निघालं तेव्हा विधात्यांनी यंत्र, कव्हर, बॅग, पिशवी सगळं आईच्या सामानाजवळ नेऊन ठेवलं. “तू घेऊन जा, आई. तुला आवडलंय.”

गोजराबाईंनी ते परत टेबलावर ठेवलं. “नको रं बाबा. तिथं कोणाला वेळ हाय? शेवंती तोडायला आलीय. पाय मोडला तर पुन्हा येईन.”

विधात्यांना थोडं लागलं. पण त्यांनी तिला मखमलाबादला पोचवलं, आणि भिमाजी सांगतात त्यावर विश्वास ठेवायचा तर, फोटो न काढता अर्धा वाफा शेवंती तोडली. मला भिमाजींचा स्वभाव माहीत आहे, तेव्हा पाव वाफा धरू.

त्यानंतर विधाते पुन्हा शर्यतीला लागले, या वेळी सगळ्यांबरोबर एकाच दिशेनं. एका संध्याकाळी खालून अशी आरोळी आली, की मी चप्पल न घालता जिना उतरलो. दार उघडंच होतं. साधनाताई आतून कात्री घेऊन धावत आल्या होत्या.

“अहो, काय झालं? पडलात का?”

“नववा!” विधाते सोफ्यावर उभे होते. “नववा आलो!”

“कितीतून?”

“बारातून!”

“बरं,” साधनाताई म्हणाल्या. “आता हळू ओरडा. कुकरच्या शिट्ट्या चुकल्या माझ्या.”

विधात्यांनी मला बसवून घेतलं, चिवडा दिला आणि मोठ्या मनानं यंत्र माझ्या हातात ठेवलं. “घाबरू नका,” ते म्हणाले, “पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं तसं.” मी आयुष्यात पहिल्यांदा तो गेम खेळलो आणि सातवा आलो. विधाते म्हणाले, “छान, छान.” मग त्यांनी काच पुसायला फडकं घेतलं.

त्या आठवड्यात माझ्या डिस्पॅचचे दोन लॉट क्वालिटीने परत पाठवले. कोपरे दबलेत म्हणे.