दोन साक्षीदार आणा

चित्रगुप्त उद्या रजेवर गेला तर देवाने बदली माणूस शोधत फिरू नये. सरळ डिलाईल रोडला यावं. पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून जी खोली आहे तिथं आमचे व्याही राहतात. इतका चोख माणूस त्रिभुवनात मिळायचा नाही. अडचण एकच. त्यांच्या हातात वही गेली की स्वर्ग ओस पडेल. माणूस दारात उभा राहून सांगेल, मी जन्मभर पुण्य केलं हो. व्याही चष्मा कपाळावर ढकलून म्हणतील, "केलं असेल. दोन साक्षीदार आणा."

आमच्या क्रिकेट क्लबचं सगळं दप्तर कित्येक वर्षं त्यांच्याकडे होतं. क्लब म्हणजे काय, गिरणगावातल्या तीन-चार चाळींतली पोरं, एक फाटकी किटबॅग आणि रविवारी आझाद मैदान. मी बॅट्समन, ते स्कोअरर. स्कोअरर होण्याचं कारण असं की त्यांना बॅट धरता येत नव्हती, बॉल टाकता येत नव्हता आणि कॅच समोर आला की ते बाजूला होऊन त्याला वाट द्यायचे. पण गिरणीत ते घडीखात्यात. कापड वारावर मोजायचं आणि त्यातले डाग हुडकायचे, यात हयात गेली. तीच नजर वहीवर. मी चौथीत शाळा सोडली, ते सातवी पास. मला म्हणायचे, "तुला लिहिता येत नाही, निदान नीट उभा तरी राहा." मी म्हणायचो, "तुला उभं राहता येत नाही म्हणून तर बसून लिहितोस." अशी आमची घट्ट दोस्ती. पुढे माझी मुलगी त्यांच्या मुलाला दिली. शेवटच्या अक्षता पडल्या आणि हे गृहस्थ माझ्याजवळ आले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, "आजपासून अरे-तुरे बंद. आता तुम्ही." मला वाटलं, मान दिला. त्या 'तुम्ही'ने माझं केवढं नुकसान व्हायचं होतं ते मला तेव्हा कुठलं कळायला!

दप्तर राहायचं एका लोखंडी ट्रंकेत आणि ट्रंक खाटेखाली. त्या जागी पूर्वी विहीणबाईंच्या लग्नातल्या साड्यांची पेटी होती. ती माळ्यावर गेली. दर महिन्याला सगळ्या स्कोअरबुकांना गॅलरीत ऊन दाखवायचं, कडुलिंबाचा पाला बदलायचा, पानं मऊ ब्रशाने झाडायची. शेजारणींचे पापड त्या दिवशी सावलीत. विहीणबाई मालवणच्या, त्यांच्या तोंडाला कोण लागणार? एकदा मी चहाला बसलो असताना म्हणाल्या, "माझो शालू माळ्यार कुसता आणि हेंच्यो वयो उन्हात वाळतत. उद्या मी गेलंय तर हेंका कळूचा नाय, पण वाळवी इली तर झोप येवची नाय." व्याही मान वर न करता म्हणाले, "शालूचा एकच सीझन झाला. ह्यांचे बघ किती झालेत."

नुसतं जपून ठेवणं त्यांना पुरत नव्हतं. खरंखोटं करायचं वेड. क्लबचा एक जुना गडी वारला, तर हे दहाव्याला गेले ते खिशाला पेन लावून. बाई रडत बसलेल्या. हे जवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, दुःखाची वेळ आहे. पण धाकट्याच्या वेळेला तुम्ही दवाखान्यात होतात, त्या दिवशी हा कुठं होता?" बाई डोळे पुसत म्हणाल्या, "ड्युटी होती हो त्यांची. ओव्हरटाईम. म्हणून तर आले नाहीत मला बघायला." व्याह्यांचा चेहरा उजळला. "त्या दिवशी गिरणीत ओव्हरटाईम नव्हताच. म्हणजे सेमी-फायनल खेळला. एक साक्ष झाली." बाईंचं रडणं जागच्या जागी थांबलं. त्यांनी नवऱ्याच्या फोटोकडे असं काही बघितलं की त्या फोटोतल्या माणसाच्या जागी मी असतो तर हार काढून निघून गेलो असतो.

दुसऱ्या एकाने सांगितलं की, गिरणीच्या आवारात प्रॅक्टिस करताना त्याचा सिक्सर चिमणीला लागला होता. व्याही टेप घेऊन निघाले. आता चिमणी कुठली, गिरणी कुठली! तिथं काचेचा टॉवर. हे गेटवर वॉचमनला विचारतात, "भाई, चिमनी किधर थी?" तो बिचारा परवा गावाहून आलेला. त्याने सुपरवायझरला बोलावलं, सुपरवायझरने ह्यांना गार हवेच्या लॉबीत सोफ्यावर बसवलं आणि मुलाला फोन लावला. माझा जावई ऑफिस सोडून धावत आला तेव्हा हे लॉबीच्या फरशा मोजत होते. "चिमणीला लागणं शक्य नाही," म्हणाले. "अंतर फार आहे. नोंद रद्द."

आता खऱ्या दुखण्यावर येतो. मोठ्या मॅचा आडवारी यायच्या आणि त्या काळी गिरणीत मॅचसाठी रजा मिळायची नाही. मग माणूस डॉक्टरचा दाखला लावून खाडा करायचा आणि मैदानावर जायचा. पण मोठ्या मॅचचा निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात बारीक टायपात यायचा, नावासकट. तो जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, वाचला तर? म्हणून आमच्या कॅप्टनने रिवाज घालून दिला होता, की गिरणीवाल्याने दुसऱ्याचं नाव लावून खेळायचं, आणि तो दुसरा गिरणीत नसावा. झालं! क्लबच्या वहीत जे मैदानावर होते ते नाहीत आणि जे आहेत त्यांनी मैदान बघितलेलं नाही. आमच्या चाळीतले भटजी चामड्याचा म्हणून बॉलला शिवायचे नाहीत. दप्तरात बघाल तर एका मोसमातले ते आमचे सगळ्यात भेदक फास्ट बोलर.

आणि आम्ही शील्ड जिंकली त्या फायनलमध्ये एक्क्याऐंशी नाबाद कोण? तर माझा मेव्हणा. त्याचं लालबागला मसाला कुटून देण्याचं दुकान. जन्मात बॅट हातात धरली असेल तर उंदीर मारायला. ते एक्क्याऐंशी माझे. त्या आठवड्यात मी कावीळ म्हणून दाखला लावला होता. माझ्या स्वतःच्या नावावर दप्तरात काय आहे? शून्य, चार, पुन्हा शून्य आणि राखीव. कारण कामावरून सुटून, मरगळून खेळलो तेवढेच माझ्या नावावर.

इतकी वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. पण ज्यांना माहीत होतं ते एकेक करून गेले आणि क्लबने ठरवलं, सगळ्या रेकॉर्डांचं पुस्तक छापायचं. छापलं की कायमचं. मी विचार केला, माझं नाव लिहिलेलं कुठं आहे? रेशनकार्डावर आणि क्लबच्या दप्तरात. रेशनकार्डावर यायला रन काढावे लागत नाहीत. मी परळहून पूल ओलांडून तसाच व्याह्यांकडे गेलो.

"व्याहीबुवा, फायनलचे एक्क्याऐंशी माझ्या नावावर करा."

"दोन साक्षीदार आणा."

"अहो, नाव तुम्हीच लिहिलंत! तुमचं अक्षर आहे!"

"तेव्हा मी स्कोअरर होतो. कॅप्टन देईल ते नाव लिहायचं. आता दप्तर माझ्याकडे आहे. दप्तर ठेवणाऱ्याने स्कोअररवर विश्वास ठेवायचा नसतो."

"पण तो स्कोअरर तुम्हीच ना?"

"म्हणूनच. त्याला मी चांगला ओळखतो."

आतून विहीणबाई म्हणाल्या, "याहीबुवा, तुमी चाय घेवा. हेंच्या नादाक लागा नको."

मेव्हण्याची साक्ष काढावी म्हणून आम्ही दोघं लालबागला गेलो. तर तो आणखी वर! इतकी वर्षं लोक शील्डखालच्या पाटीवर त्याचं नाव वाचून त्याला सलाम करत होते, तेव्हा त्याला आता ती खेळी आठवायलाच लागली होती. मिरचीच्या पोत्यावर बसून मला म्हणतो, "भावोजी, खरं सांगू? तो स्ट्रेट ड्राइव्ह अजून माझ्या मनगटात आहे." मी म्हटलं, "मनगटात तुझ्या सांधेवात आहे, गाढवा!" व्याह्यांनी शांतपणे वहीत लिहिलं, 'साक्ष विरुद्ध.'

उरला कॅप्टन. तो अँटॉप हिलला मुलीकडे, कान गेलेले, गुडघे गेलेले, आवाज तेवढा शाबूत. मला बघून म्हणाला, "कोण रे तू? फाइन लेगला झोपायचास तो?" व्याही तेवढंच लिहून घ्यायला लागले, मी त्यांचा हात धरला. मग मी कॅप्टनच्या कानात ओरडून फायनल सांगितली. म्हातारा छताकडे बघून एकदम हसला. "अरे, ते नाव मीच दिलं! सकाळी तुझ्या मेव्हण्याकडून घरचा मसाला आणलेला, त्याच्या नावाची पुडी खिशातच होती. आयत्या वेळी दुसरं नाव कुठून काढू? खेळलास मात्र तूच. साल्या, शेवटपर्यंत मला स्ट्राइक दिली नाहीस!" व्याह्यांनी अंगठा घेतला, वर सही घेतली. "एक झाली," म्हणाले.

दुसरा आणायचा कुठून? बाकीच्या सगळ्यांच्या फोटोला हार. पहिल्या बॉलपासून शेवटच्यापर्यंत बघणारा एकच माणूस शिल्लक होता आणि तो माझ्या शेजारून बस स्टॉपकडे चालत होता. मी म्हटलं, "दुसरे तुम्ही."

व्याही थांबले. "मी व्याही आहे. नातेवाइकाची साक्ष मी कुणाची घेतलेली नाही."

तेव्हा मला त्या अक्षता आठवल्या. मुलगी दिली आणि खेळी गेली. माझाही स्वभाव काही लोण्याचा नाही. मी त्या दिवसापासून त्यांच्याकडे जाणं सोडलं. मुलगी मध्ये पडली, जावई पडला, विहीणबाईंनी घावणे पाठवले. घावणे खाल्ले, पण गेलो नाही.

पुस्तक छापायला जायच्या आधी क्लबची सभा होती. मी मागच्या खुर्चीवर. व्याही आले ते टॅक्सीतून, ट्रंकेसकट. दोघांनी ती आत आणली. ह्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि सेक्रेटरीपुढे टेबलावर ठेवली. "आजपासून दप्तर तुमचं. उन्हात घालत जा. आता मी कुणी नाही, तेव्हा मला एक साक्ष द्यायची आहे."

सेक्रेटरी तरुण पोरगा. तो म्हणाला, "काका, पण तुम्ही ह्यांचे व्याही ना? तुमचाच नियम आहे."

"आज आहे. त्या दिवशी नव्हतो. साक्ष त्या दिवशीच्या माणसाची धरायची. त्या दिवशी हा माझा कोणी नव्हता. उलट सकाळीच ह्यानं माझी पेन्सिल मोडलेली, आम्ही बोलतसुद्धा नव्हतो." मग ते माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या शील्डकडे बघून बोलायला लागले. "पहिलाच बॉल ह्याच्या बॅटची कड घेऊन कीपरच्या हातात गेला. अंपायर आपल्या चाळीतला. त्यानं नाही म्हणून मान हलवली."

मी उठलो. "पॅडला लागला होता!"

"खाली बसा. साक्ष चालू आहे." चष्मा पुसला. "त्यानंतर मात्र हा खेळला. एक ओव्हर तर असा खेळला की मी लिहिलीच नाही. पेन्सिल खाली ठेवली आणि नुसता बघत बसलो. मग समोरच्या स्कोअररची बघून उतरवून घेतली. जन्मात तेवढीच. म्हणून म्हणतो, तो हाच होता. दुसऱ्या कुणासाठी मी पेन्सिल ठेवली नसती."

सेक्रेटरीने लिहून घेतलं, 'साक्ष दुसरी.' पॅडचं मी आणखी एकदा सांगणार होतो, ते राहूनच गेलं.

पुस्तक छापून आलं. त्यात माझं नाव आहे, एक्क्याऐंशी नाबाद, आणि शेजारी कंसात 'पहिल्या चेंडूवर जीवदान'. ते तीन शब्द कोणाचे ते सांगायला नको. मेव्हणा पुस्तक घेऊन आला, रडवेला. "भावोजी, आता नातवंडांना काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, नाव आमचं होतं. तुझ्या नावाशिवाय मी त्या दिवशी कामावर असतो." जाताना तो पावशेर मसाला ठेवून गेला.

कॅप्टन त्यानंतर फार दिवस राहिला नाही. खाटेखाली आता विहीणबाईंची पेटी आहे, पुढे बरीच मोकळी जागा. व्याही खाटेवर बसले की पाय अजून आखडून घेतात, ट्रंकेला लागतील म्हणून. मी दुपारचा जातो. परवा असेच बसलो होतो. एकदम म्हणाले, "अरे, खरं सांग. तो बॉल पॅडला लागला होता?"

पोरांच्या लग्नानंतर पहिल्यांदा 'अरे'.

"पॅडलाच," मी म्हटलं. "कड लागली म्हणत असशील तर दोन साक्षीदार आण."

तो हसला, पाय हळूच लांब केले आणि खाटेखालच्या रिकाम्या जागेत सोडले. साक्षीदार आणणार कुठून? त्या मॅचचे आता दोनच उरलेत, आणि ते एकमेकांचे व्याही लागतात.