तोकुहिरो सेन्सेईंचं इंग्रजी

तोकुहिरो सेन्सेईंनी, म्हणजे तोकुहिरो मास्तरांनी, जपानमधल्या कोचीच्या किनाऱ्यावरच्या आपल्या गावात उभी हयात इंग्रजी शिकवलं, पण शाळेबाहेर त्यांच्या तोंडून इंग्रजीचं एक वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. दुसऱ्याची चूक मात्र त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. 'मला कंटाळा आलाय' या अर्थी एखाद्या पोराने 'आय अ‍ॅम बोअरिंग' लिहिलं, की ते शांतपणे म्हणायचे, "तू कंटाळवाणा आहेस हे आम्हाला ठाऊक आहे. तुला कंटाळा आलाय का, ते सांग." वर्ग खो खो हसायचा. पोराचे कान लाल व्हायचे, पण ती चूक पुन्हा म्हणून होत नसे.

निवृत्त झाल्यावरही खोड गेली नाही. बंदरावरच्या खाणावळीच्या पाटीवर 'फ्रेश फिश'चं 'फ्लेश फिश' झालेलं दिसलं, तर आत जाऊन मालकाला सांगून आले. मालकाने कमरेत वाकून आभार मानले आणि पाठ वळताच शिव्या घातल्या.

शिकोकू बेटावरच्या देवळांच्या यात्रेची वाट गावातूनच जाते. पांढरे सदरे घातलेले यात्रेकरू येत, त्यात अधूनमधून परदेशीही असत. तसा कुणी दिसला की सेन्सेई बोळात शिरत. भीती माणसाची नव्हती. वाक्य मनात जुळवायचं, शब्द तपासायचे, आणि तेवढ्यात समोरचा वाट बघून पुढे गेलेला असायचा, असं एकदोनदा झालं होतं. त्यापेक्षा बोळ बरा.

बायको मित्सुए त्यांच्या अगदी उलट. तिचं केस कापायचं दुकान याच वाटेवर. परदेशी माणसाला खुर्चीत बसवून, कात्री नाचवत ती बेधडक सांगायची, "आय कट यू! व्हेरी नाइस!"

"अगं, 'तुला कापते' म्हणालीस त्याला!" सेन्सेई आतून कळवळायचे.

"मग? बसला ना गप? पळाला का?"

एका वसंतातल्या दुपारी चौकीतून फोन आला. हवालदार ओकाबायाशी, त्यांचाच जुना विद्यार्थी. स्कॉटलंडहून आलेलं एक जोडपं डोंगरवाटेने चाललं होतं, नवरा कड्यावरून घसरला, अग्निशमन दलाचे लोक खाली उतरलेत आणि बाई चौकीत आहेत. "सेन्सेई, लवकर या हो. बाई काय बोलतायत, मला एक अक्षर कळत नाहीये."

सेन्सेई आरशासमोर टाय बांधायला लागले.

"टाय कसला बांधताय? तिचा नवरा दरीत पडलाय, तुमची परीक्षा नाहीये!" मित्सुएने त्यांना ढकलतच बाहेर काढलं आणि एप्रनसकट मागोमाग निघाली.

बाईंचं नाव एलेन. त्या उभ्याच होत्या. सेन्सेई नमस्कारासाठी वाकतायत तोच वायरलेस खरखरला. ओकाबायाशीने ऐकलं आणि मोठा श्वास सोडला. "सापडले! पाय मोडलाय, पण जीव शाबूत आहे. सांगा त्यांना."

सेन्सेई वाक्य जुळवू लागले. एलेनला दम कुठला! तिने त्यांची बाही धरली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "ही इज नॉट डेड?"

सेन्सेईंना हायसं वाटलं. सोपा प्रश्न होता. "येस!" ते म्हणाले. "येस, येस!"

त्यांना म्हणायचं होतं, हो, मेलेले नाहीत. जपानीत असंच बोलतात, आपणही तसंच बोलतो. पण इंग्रजीत तिथे 'नो' म्हणायचं असतं. 'येस' म्हटलं की माणूस गेला. हा धडा त्यांनी पोरांकडून वर्षानुवर्षं घोटून घेतला होता. एलेन मटकन खाली बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून सेन्सेईंना आपली चूक कळली. ते घाईघाईने दुरुस्तीचं वाक्य मनात जुळवू लागले.

मित्सुएने फरशीवर गुडघे टेकले आणि एलेनचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "ही लिव्ह! लेग नो गुड. बट ही लिव्ह!"

एलेन सेन्सेईंकडे बघत राहिली. तेही खाली बसले. "नो," ते म्हणाले. "सॉरी. नॉट डेड. ही लिव्ह. ही लिव्ह." कोणता प्रत्यय राहिला, याचं भान त्यांना नव्हतं.

दवाखान्यात संध्याकाळभर डॉक्टर आणि ते जोडपं यांच्यामध्ये दुभाषी म्हणून सेन्सेईच बोलत होते. घरी आल्यावर ताटातल्या माशाला त्यांनी हात लावला नाही.

"एका बाईला मी सांगितलं, तुझा नवरा मेला."

"आणि लगेच जिवंतही केलात. जेवा आता."

नवऱ्याचं, ग्रॅहमचं, हाड जुळेपर्यंत सेन्सेई रोज दवाखान्यात जात राहिले. मासेमारीवर दोघांच्या गप्पा रंगत. एकदा त्यांनी एलेनला विनवलं, "माझ्या चुका सांगत जा."

"कसल्या चुका? मला तर सगळं समजतं," ती म्हणाली. सेन्सेईंना जरा रागच आला. इतकी वर्षं जपलेल्या गोष्टीचं तिला काहीच वाटू नये! पण दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर गेले.

पुढच्या वसंतात एलेन आणि ग्रॅहम राहिलेली वाट पुरी करायला परत आले. सेन्सेई त्यांच्याबरोबर वाटभर गप्पा मारत डोंगरमाथ्यापर्यंत चढले. घरी आले तेव्हा आवाज पार बसला होता.

"सर्दी झाली वाटतं?" मित्सुएने विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि खुणेनेच चहा मागितला.