मोठ्या आईची वाकडी टीप

अख्ख्या भिलाईत सरळ रेषेवर माझ्या मोठ्या आईइतका राग असलेलं दुसरं माणूस नव्हतं, हे मी कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेतसुद्धा छाती ठोकून सांगितलं असतं. फक्त त्या स्पर्धेत नाव द्यायची माझी कधी छाती झाली नाही. मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा आणि माझे वडील दोघंही पोलादाच्या प्लांटात, दोघांची क्वार्टरं शेजारी शेजारी, मधे एक मेंदीचं कुंपण. आमच्या सेक्टरमध्ये सगळंच सरळ होतं. रस्ते सरळ, क्वार्टरांच्या रांगा सरळ, भोंगा वाजला की सायकलींची रांगही सरळ. अशा गावात मोठी आई भाजी आणायला निघाली की रस्ता सोडून मैदानातून तिरपी जायची. चपाती गोल करायची नाही. "गोल काय, चौकोनी काय, पोटात जाऊन एकच होते," म्हणायची. देवापुढची रांगोळीसुद्धा तिनं कधी ठिपके मांडून काढली नाही. पण तिचा खरा राग होता तो शिलाईतल्या सरळ रेषेवर. त्या रागाबद्दलच मला सांगायचं आहे. नीट सांगता येईल की नाही ठाऊक नाही, कारण त्यात माझी एक मोठी चूक आहे.

आधी तिच्या हाताबद्दल सांगायला हवं. लहानपणी माहेरी, यवतमाळकडच्या खेड्यात, कडबा कापायच्या यंत्रात तिचा उजवा हात सापडला होता. दोन बोटांची पेरं गेली आणि मधलं बोट कायमचं ताठ झालं. हातातली साधी सुई तिला धरता येत नसे, ती निसटायची. कुणी हळहळलं की मोठी आई त्याच हातानं त्याच्या पाठीत थाप मारायची. "वरण-भाताले दोन बोटं पुरतात बापा. बाकीचे शौकीचे व्हते." क्रोशाची सुई तिच्या मुठीत राहायची नाही म्हणून तिनं मोठ्या बाबांच्या सायकलच्या हँडलची रबरी मूठ काढून त्यात ती घट्ट बसवली होती. मोठे बाबा मग पुढची दोन वर्षं एका बाजूला मूठ आणि एका बाजूला नुसता गार लोखंडी नळा धरून ड्यूटीला गेले. थंडीत ते तक्रार करायचे. ती म्हणायची, "तुमाले पाच पाच बोटं हायेत, तुमी काऊन रडता?"

शिलाई मशीन होती पायाची, जुनी, लग्नातली. महिला मंडळाच्या शिवणवर्गात ती जेमतेम आठवडाभर गेली. बाईंनी कापडावर खडूनं रेघ मारून दिली आणि म्हणाल्या, या रेघेवरून चालवा. मोठी आई उठलीच. "रेघेवर आमचे हे चालतात, ड्यूटीले. त्याईले त्याचा पगार भेटते. मी काऊन चालू?" घरी आली. पुढे एक दिवस कापड दाबून धरणाऱ्या पायाचा स्क्रू कुठेतरी पडला आणि सापडेना. दुसरी बाई मिस्त्रीची वाट बघत बसली असती. मोठ्या आईनं पाय काढून बाजूला ठेवला, कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांवर वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून बसवला, पत्र्याला सुईपुरतं भोक पाडलं, आणि दोन्ही तळहात कापडावर पसरून पाय मारायला सुरुवात केली. आता कापड कुठे जायचं ते मशीन ठरवेना, तिचे हात ठरवू लागले. पुढे, मागे, आडवं, गरगर. तिच्या हाताला बोटं कमी होती, पण तळहात पूर्ण होते. पहिले काही दिवस सुया मोडल्या, खाली दोऱ्याचे गुंते झाले. मग तिला कळलं की पाय नसला तरी त्याचा मागचा खटका खाली पाडावा लागतो, तरच वरचा दोरा ताणात राहतो. हा शोध तिनं एकटीनं लावला आणि आठवडाभर क्वार्टरांच्या साऱ्या ओळीला ऐकवला.

मोठ्या बाबांनी तिच्या नकळत कॅम्प-१ च्या वस्तीतून मिस्त्री बोलावला. त्यानं मशीन बघून कपाळावर हात मारला. "अम्मा, आपकी मशीन तो बिगड़ गई है।" मोठी आई पोह्यांची बशी त्याच्यापुढे ठेवत म्हणाली, "बिगड़ी नहीं है भैया, सुधरी है। पोहा खाओ और जाओ।" त्यानं पोहे खाल्ले, एक नवा स्क्रू ठेवला आणि गेला. तो स्क्रू मोठ्या आईनं कॅलेंडर टांगायला वापरला.

त्या मशीनवर तिनं किती गोधड्या केल्या ते मी मोजलं नाही. प्लांटातले निळे कपडे जुने झाले की तिच्याकडे यायचे. कॅम्पातला एक टेलर तिच्यासाठी चिंध्यांची पिशवी ठेवायचा. ती तुकडे जोडायची, तेही चौकोनाला चौकोन लावून नाही. त्रिकोणाला बाही, बाहीला खिसा, जसं सुचेल तसं. एका गोधडीला तर खिसा उघडाच ठेवला होता, झोपताना मोठ्या बाबांना तंबाखूची डबी ठेवायला. निळ्या कपड्यांना ठिणग्यांनी भोकं पडलेली असत. ती भोकं झाकायची नाही. भोकाच्या कडेनं पांढऱ्या दोऱ्याचं क्रोशाचं फूल विणायची आणि म्हणायची, "इथं जळलं व्हतं, हे दिसू दे." मग सगळ्या थरांवरून तिची ती वाकडी टीप फिरायची. वेली, ढग, वर्धा नदीचं वळण, काहीच नसलेलं काहीतरी. तिच्या मनात जे चालू असेल ते तिथे उतरायचं. भांडण झालं असलं की बारीक बारीक गरगरे यायचे. मोठे बाबा गोधडीचा एक कोपरा वर करून सांगायचे, "हे बघ, या दिवशी मी डबा विसरून आलो व्हतो."

बायका नावं ठेवायच्या. मशीनची कधी गोधडी असते का, गोधडी म्हणजे हाताचा धावदोरा, मशीननं ती कडक होते, वगैरे. मोठी आई त्यांच्या अंगावर गोधडी टाकायची आणि म्हणायची, "टोचली तं सांग." थंडीत टाकलेली गोधडी कोण टोचते म्हणेल?

मी त्या वर्षी दुर्गच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या दोन्ही घरांत दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सगळ्यांची पत्रं, अर्ज, मनिऑर्डरीचे फॉर्म माझ्याकडे आले. मोठ्या आईला वाचता यायचं नाही. तिची एकुलती एक मुलगी, माझी ताई, अमरावतीला दिलेली. ताईचं पहिलं बाळंतपण माहेरी होणार म्हणून मोठ्या आईनं आतली खोली चुन्यानं रंगवून ठेवली होती. पण सातव्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. बाळंतपण तिकडेच झालं. मुलगा झाला. बारशाला जायचं, तर त्याच आठवड्यात मोठ्या बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. मोठी आई त्या रंगवलेल्या खोलीत थोडा वेळ बसली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मी नाई जाऊ शकत, तं गोधडी जाईन. पोट्टं तिच्यात निजलं म्हंजे माह्या मांडीवर निजलं."

अडचण एकच होती. ताईच्या सासूचं, आमच्या विहीणबाईंचं, आधीच पत्र आलेलं होतं. त्यांच्या घरी पहिल्या बाळाला आजीच्या हातानं शिवलेली गोधडी लागते. मशीनची चालत नाही, लोखंडाची टीप बाळाच्या अंगाला नको. मी ते वाचून दाखवलं. मोठी आई हसली. "लोखंड नोको म्हणते? भिलाईच्या घरची सून केली अन् लोखंड नोको?" मग तिनं आपल्या सासूच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, मऊ झालेल्या लुगड्याचे थर घातले, वर आम्हा सगळ्यांच्या कपड्यांचे तुकडे जोडले, माझ्या शाळेच्या स्कर्टचासुद्धा एक, आणि आठ दिवस मशीनवर बसली. कडेला क्रोशाची पांढरी झालर. मी तिच्या इतक्या गोधड्या पाहिल्या, पण अशी नाही. टीप कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते शोधून सापडत नव्हतं.

पत्र लिहायला मला बसवलं. "लिही. ईनबाईले नमस्कार. गोधडी मशीनची हाय. हात माहा असा हाय हे तुमाले मालूम हाय. घ्याची तं घ्या, नाई तं माह्या लेकीजवळ द्या, थे गपचूप घेईन."

मी पेन धरून बसले. मला ताईची काळजी वाटली. तिला तिथे राहायचं होतं. एवढं उघडं पत्र कसं पाठवायचं? शेवटी मी कॉलेजात शिकलेल्या सगळ्या चांगल्या शब्दांनी लिहिलं, "सादर नमस्कार. सोबत बाळासाठी गोधडी पाठवीत आहे. हातटीप घातली आहे, गोड मानून घ्यावी." मोठ्या आईनं विचारलं, "लिवलं?" मी म्हटलं, "लिहिलं." माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग.

महिन्याभरानं विहीणबाईंचं उत्तर आलं. मी अंगणात उभी राहून वाचायला लागले आणि दुसऱ्या ओळीलाच अडखळले. त्यांनी लिहिलं होतं की गोधडी शेजारच्या बायका येऊन येऊन बघून जातात. एक बाई म्हणाली, ही मशीनची आहे. तेव्हा विहीणबाईंनी तिला चांगलंच सुनावलं: मशीनची टीप सरळ असते, ही एक तरी बोटभर सरळ आहे का? इतकी बारीक हातटीप घालताना डोळे फुटले असतील हो तुमचे, त्यात तुमचा हात असा.

"पुढं वाच," मोठी आई म्हणाली.

"एवढंच आहे."

"हातटीप कोणं सांगतली त्याईले?"

मी पत्राची घडी घालायला लागले. मेंदीच्या कुंपणापलीकडे माझी आई कपडे वाळत घालत होती, तीही थांबली.

"तुनं लिवलं?"

"ताईला त्रास होऊ नये म्हणून..."

"व माय! म्हंजे पोट्टं माह्या मांडीवर निजलं अन् नाव दुसऱ्याच्याच हाताचं?" ती ओरडली नाही, हेच मला जास्त लागलं. आपला उजवा हात तिनं माझ्यापुढे धरला. "हा हात पाह्य. यानं सुई धरली असती तं मी आज मशीन अशी चालवली असती का? मले शाबासकी नोको त्या दुसऱ्या हाताची. कागद आण."

मोठे बाबा टाक्यांवर हात ठेवून खाटेवरून म्हणाले, "जाऊ दे ना वो. त्या खुश हायेत, पोरगी खुश हाय. कशाले खाजवते?"

"तुमी तुमचे टाके सांभाळा. माहे मी सांभाळतो."

आमच्याकडच्या बायका 'करते' म्हणत नाहीत, 'करतो'च म्हणतात. मी कागद आणला. या वेळी तिनं मला प्रत्येक ओळ लिहून झाल्यावर वाचून दाखवायला लावली. "गोधडी मशीनची हाय. मागच्या पत्रातलं खोटं व्हतं. थे पोरीनं भेवून लिवलं, माह्या लेकीच्या काळजीनं लिवलं, तिच्यावर रागावू नोका. टीप वाकडी हाय कारण मले तशीच येते, अन् तशीच आवडते. बाळ तिच्यात निजत असन तं निजू द्या." मी म्हटलं, निदान 'क्षमा असावी' लिहू? "काऊन? मी काय चोरी केली? तुले पाह्यजे तं तुह्या नावाची लिव." मी माझ्या नावाची लिहिली. ते पत्र पोस्टाच्या पेटीत मीच टाकलं. ती शेजारी उभी होती, कमरेवर हात ठेवून, जशी प्लांटाच्या गेटवर युनियनची माणसं उभी राहतात तशी.

तीन आठवडे काहीच आलं नाही. रोज दुपारी पोस्टमन दिसला की मोठी आई मशीनवरचा आपला पाय थांबवायची आणि तो पुढे गेला की पुन्हा सुरू करायची. मग एक दिवस पार्सल आलं. वरचं कापड तिनं दातांनीच फाडलं. आत गोधडी होती, नीट चौकोनी घडी घातलेली. सोबत विहीणबाईंची चार ओळींची चिठ्ठी: घरची रीत मोडता येत नाही. बाळाला आम्ही इथे हाताची करून घेतली आहे. मशीनचं एक वेळ बघितलं असतं, पण आमच्या घराला खोटं चालत नाही. ती शेवटची ओळ माझ्या नावाची होती, हे सांगायला मला कुणी लागलं नाही. मी चिठ्ठी वाचली आणि खाली बसले. मोठ्या आईची माफी कोणत्या शब्दांत मागायची ते मला सुचेना. जे चांगले शब्द येत होते ते सगळे मी आधीच वापरून टाकले होते.

मोठ्या आईनं घडी उलगडली. गोधडी मांडीवर पसरली आणि तळहात फिरवत गेली, मशीनवर फिरवायची तसाच. एका जागी थांबली. तिथे पिवळसर डाग होता. कडेची झालर एका कोपऱ्याला ओढून लांब झाली होती, कुणीतरी मुठीत धरून चोखल्यासारखी. तिनं तो कोपरा नाकाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"दोन महिने निजला ना," ती म्हणाली. "निजला तं निजला. आता थे काय वापस घेतीन त्याई?"

आई कुंपणावरून म्हणाली, "वैनी, आणा इकडं, मी भिजवून टाकतो साबणात."

"हात नोको लावू!" मोठी आई एवढ्या जोरात म्हणाली की खाटेवर मोठे बाबा उठून बसले.

मग तिनं मला कागद घ्यायला सांगितला. मी तिच्या पायाशी बसले. "लिही, गोधडी भेटली." मी लिहिलं, वाचून दाखवलं, पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. नेहमी माझा पेन तिच्यामागे धावायचा. त्या दिवशी तो एका ओळीवरच थांबला. गोधडीचा तो कोपरा तिच्या मुठीत होता, त्या दोन बोटांच्या मुठीत, आणि ती मैदानाकडे बघत होती.

"अजून काय लिहू, मोठी आई?"

"बाकीचं तू तुह्या मनानं लिही," ती म्हणाली.

मी कागद गुडघ्यावर घेतला. मग लिहिलं: गोधडीला बाळाच्या दुधाचा वास आहे. मोठी आई ती कुणाला धुवू देत नाही.

मी वाचून दाखवलं. तिनं एकही शब्द बदलायला सांगितला नाही.